कांदा, कोर्ट आणि ‘होल्ड’

प्रश्न : मुलीकडे शिकागोला गेलो होतो. तिनं सँडविच मागवताना ‘होल्ड द अनियन’ म्हटलं आणि आलं ते बिनकांद्याचं! पुढे हॉटेलवाल्यांनी कार्डावर काही रक्कम ‘होल्ड’ केली. इंग्रजी पेपरात तर कोर्टसुद्धा ‘होल्ड’ करतं. ही भानगड काय आहे? – एक वाचक, सांगली

उत्तर : कांद्याचं सोपं आहे. ‘तो तुमच्यापाशीच राहू द्या’ एवढाच त्याचा भाव. अमेरिकेत सर्रास असं बोलतात.

या क्रियापदाचा मूळ अर्थ जनावरं सांभाळणं असा असावा, असं मानतात. म्हणजे आपलं गुरं राखणं. राखलेलं जनावर हाताशी राहतं आणि भलतीकडे जात नाही. पुढचे बरेचसे अर्थ यातूनच फुटले. टाकी ५०० लिटर पाणी ‘होल्ड’ करते तेव्हा आपण ‘मावतं’ म्हणतो, सभा मात्र भरवतो.

माझी नोकरी कोर्टाच्या निकालांची भाषांतरं करण्यात गेली, म्हणून तिसऱ्या शंकेवर जरा रेंगाळतो. केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘हेल्ड’ केलं की, राज्यघटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येणार नाही. इथं धरपकड कसलीच नाही, न्यायालयाने निर्वाळा दिला आहे. नवी मुलं ‘न्यायालयाने असे धरले’ लिहून आणत, ते मी लाल शाईनं खोडत असे. ‘अपहेल्ड’ म्हणजे खालचा निकाल कायम केला. आणि ‘निकाल राखून ठेवला’ असं आपल्या पेपरात येतं, तिथं इंग्रजीत ‘रिझर्व्ह्ड’ असतं. राखणं आलं म्हणून फसू नका.

जहाजाच्या पोटात माल भरतात त्या जागेलाही ‘होल्ड’ म्हणतात, पण तो या घराण्यातला नाही. तो ‘होल’चा, म्हणजे भोकाचा वंशज, शेपटीचा ‘ड’ मागाहून चिकटला.

आता तुमचे पैसे. डेबिट कार्ड दिलं असेल तर ते खात्यातच असतात, फक्त खर्चता येत नाहीत. बिल झालं की तेवढी रक्कम वळती होते आणि उरलेली मोकळी होते, कधी कधी काही दिवसांनी. क्रेडिट कार्डावर नुसती मर्यादा तेवढी कमी दिसते, म्हणून हॉटेलात तेच पुढे करा. आणि किती रक्कम अडकवणार, हे खोलीची किल्ली घेतानाच विचारून घ्या.