प्लॉट विकू की नोकरी सोडू?

धायरीच्या एका वाचकाचं पत्र आलंय. आठ वर्षांच्या मुलाला मेडुलोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागातली कर्करोगाची गाठ. जानेवारीत शस्त्रक्रिया झाली. आता सहा आठवडे रेडिएशन, मग काही महिने किमो. वडील हिंजवडीत नोकरीला, हातात ९२ हजार. आई शाळेत शिक्षिका, २८ हजार. त्यांचे प्रश्न दोन: सासवडजवळचा प्लॉट एजंट १४ लाखांना मागतोय, देऊन टाकू का? आणि मुलाजवळ राहता यावं म्हणून मार्चअखेर राजीनामा देऊ का?

सोबत हिशेबाचा फोटो आहे. मुलाच्याच चौकटीच्या वहीचं पान. वर आठचा पाढा अठ्ठेचाळीसपर्यंत, खाली एमआरआय, रक्त तपासणी, रिक्षा.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तोच जास्त महाग आहे. राजीनामा देऊ नका. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधले ५ लाख होते, त्यातले ४ लाख १० हजार शस्त्रक्रियेत गेले, असं तुम्ही लिहिलंय. पण ती पॉलिसी १ एप्रिलला नव्याने सुरू होते, म्हणजे ५ लाख पुन्हा भरून येतात, आणि किमो नेमकी त्यानंतर आहे. मार्चअखेर नोकरी सोडलीत तर पगारासोबत हे ५ लाखही गेले. बाहेर नवी पॉलिसी घेऊ म्हणाल, तर निदान झाल्यावर ती मिळणंच अवघड. मिळालीच तरी आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

घरी कोणीतरी राहायलाच हवं, हे मान्य. हिशेब सांगतो की वहिनींनी बिनपगारी रजा घ्यावी. दरवेळी बाईच्याच नोकरीवर येतं हे मला आवडत नाही, पण विमा तुमच्या नावाने आहे. राजीनामा त्यांनीही देऊ नये, रजाच मागावी. तुम्ही एचआरला दोन गोष्टी विचारा: काही दिवस घरून काम, आणि ‘कॉर्पोरेट बफर’. बऱ्याच कंपन्यांच्या पॉलिसीत गंभीर आजारासाठी अशी जादा रक्कम बाजूला ठेवलेली असते. मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. रेडिएशनला उरलेले ९० हजार पुरणार नाहीत, तिथे ती कामी येईल.

आणखी एक. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डधारकांसाठी आहे, पांढऱ्या कार्डालाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. ‘ती आपल्यासाठी नसते’ म्हणून आपले लोक विचारतच नाहीत. रुग्णालय योजनेत आहे का आणि तुमचा उपचार त्यात बसतो का, हे आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, दाखल होण्याआधीच विचारा. मात्र एकच बिल दोन्हीकडे लावायचं नाही.

आता प्लॉट. तुमच्याच अंदाजाने तो १९ लाखांचा आहे. पाच लाखांचं नुकसान केवळ घाईपोटी का सोसायचं? हा खर्च एकरकमी येत नाही, वर्षभर हप्त्याहप्त्याने येतो. प्लॉट विकाच, पण चार-सहा महिन्यांत, भावाने. तोवर पीपीएफ आहे. खातं २०१४ चं. मुलाच्या जीवघेण्या आजारासाठी ते मुदतीआधी बंद करता येतं, पण मग व्याज एक टक्क्याने कमी धरतात. बंद करू नका. सातव्या वर्षापासून कारण न सांगता काही रक्कम काढता येते: चार वर्षांपूर्वीच्या किंवा गेल्या वर्षअखेरच्या शिल्लकेपैकी जी कमी, तिच्या निम्मी. तुमचे चार वर्षांपूर्वी ४.४ लाख होते, म्हणजे २.२ लाख मिळतील, व्याजाला धक्का न लागता. त्यातूनही अडलं तर सोनं गहाण ठेवा, पर्सनल लोनपेक्षा सहसा स्वस्त पडतं.

मुलीच्या सुकन्या खात्याचंही विचारलंय. ते भावाच्या आजारासाठी मोडताच येत नाही. मला तर बरंच वाटलं.

चुलत भाऊ ३ लाख देतोय ते घ्या, पण हातउसने म्हणून, बँकेतून, एका कागदावर लिहून. भेट म्हणून घेतलेत तर आयकराच्या लेखी चुलत भाऊ ‘नातेवाईक’ नाही आणि पूर्ण रकमेवर कर लागेल.

प्लॉटच्या पैशातले किमान सहा लाख किमोला लावू नका. डोक्याला आणि मणक्याला रेडिएशन दिलेल्या मुलांची वाढ आणि थायरॉइड वर्षानुवर्षं तपासावं लागतं, काहींना ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं लागतात. किमोतल्या सिस्प्लॅटिन या औषधाने ऐकू कमी येऊ शकतं, मग श्रवणयंत्र. यातलं बरंचसं ओपीडीचं, मेडिक्लेममध्ये सहसा न बसणारं. ते सहा लाख मुलाच्या नावाने वेगळ्या एफडीत टाका.

एजंटाला आजच सांगा, मे महिन्यात बोलू. १४ वरून तो १५ वर लगेच येईल, तरीही मेच सांगा.