लेपित, मुलामा दिलेले की वेष्टित?

कोल्हापुरातील एका भगिनींचा मुलगा पदव्युत्तर वर्गात रसायनशास्त्र शिकतो. त्याच्या प्रकल्पाचा मराठी सारांश तपासताना ‘औषधोपचारात उपयोगी पडणारे लेपित चुंबकीय नॅनोकण’ या शब्दांपाशी त्या अडखळल्या. घरात कोणी ‘मुलामा दिलेले’ सुचवले, कोणी ‘पुट दिलेले’. ‘कोटेड’ या शब्दासाठी यांपैकी कोणता प्रतिशब्द घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

या कणाचा गाभा बहुधा लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे पुष्कळदा मॅग्नेटाइटचा असतो आणि त्याचा व्यास दहा नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे एक लक्षांश भरतो. असे उघडे कण द्रवात सोडले तर ते एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. रक्तात गेले तर त्यांच्यावर रक्तातील प्रथिने बसतात आणि यकृत व प्लीहेतील भक्षक पेशी त्यांना थोड्याच वेळात गिळून टाकतात. परक्या कणावर बसून त्याला भक्षक पेशींच्या तोंडी देणाऱ्या या प्रथिनांना ‘ऑप्सोनिन’ म्हणतात. ज्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले, त्याचा अर्थ भाकरीबरोबर खायचे कालवण, तोंडीलावणे असा आहे. कणावर आपण आधीच एखादा थर दिला, तर गुठळ्या टळतात, प्रथिने कमी बसतात आणि त्याच थराला औषधाचा रेणू किंवा प्रतिपिंड जोडता येतो. हा थर डेक्स्ट्रानचा, पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा, सिलिकाचा किंवा क्वचित सोन्याचाही असतो. डेक्स्ट्रान हा शर्करावर्गीय पदार्थ आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांना नकोसा पाहुणा म्हणून चांगलाच ठाऊक आहे : तोडलेला ऊस शेतात पडून शिळा झाला की जिवाणू त्यातील साखरेपासून डेक्स्ट्रान बनवतात आणि रस चिकट, दाट होतो. तोच पदार्थ इथे लोहाच्या कणाला रक्तात तग धरण्याचे बळ देतो.

आता शब्दांकडे वळू. ‘मुलामा’ मी प्रथम बाजूला ठेवतो. हलक्या धातूला सोन्याचांदीचा दिखाऊ थर देणे हा त्याचा मूळ अर्थ आणि ‘वरवरचा मुलामा’ म्हटले की त्यात फसवणुकीची छटा आपसूक येते. या कणावरचा थर दिसण्यासाठी नाही, तो कामाचा आहे. ‘पुट’ हा शब्द बांधकामात किंवा रंगकामात चालतो, पण लोह आणि औषध यांच्याजवळ तो आला की वाचकाच्या मनात लोहभस्म उभे राहते, कारण तेथे ‘पुट देणे’ म्हणजे अग्नीत भाजणे. नॅनोकणाला असे काही करत नाहीत. शब्द बरोबर असूनही वाचक चुकीच्या गावाला पोहोचावा, याचे हे नेमके उदाहरण आहे.

‘लेपित’ची बाजू अधिक भक्कम आहे. तांत्रिक मराठीत ‘लेपन’ रुळलेले आहे आणि अंबाबाईच्या मूर्तीच्या संवर्धनामुळे ‘वज्रलेप’ हा शब्द कोल्हापुरात घरोघरी माहीत आहे, म्हणजे राखण करणारा थर हा अर्थही लेपात बसतो. अडचण आहे ती वैद्यकाची. औषधाच्या संदर्भात लेप म्हणजे सुजेवर लावायचा, वाळला की धुऊन टाकायचा. ‘लेपित कणांचे औषध’ वाचून रुग्ण ते बाहेरून लावायचे समजेल, आणि हे औषध तर शिरेतून किंवा थेट गाठीत टोचून द्यायचे असते.

अर्थाने सर्वांत जवळचा शब्द मला ‘कल्हई’ वाटतो. पितळेच्या पातेल्यात ताक ठेवले की कळकते. कल्हईवाला भात्याने निखारे फुलवून पातेले तापवायचा, नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर उठायचा, कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने तो आत सगळीकडे फिरवायचा आणि पाहता पाहता पिवळे पातेले चांदीसारखे उजळायचे. तो थर धातू आणि अन्न या दोघांना एकमेकांपासून राखतो. नॅनोकणावरचा थरही तेच करतो : लोहाला रक्तापासून आणि शरीराला लोहापासून. तरीही ‘कल्हई केलेले नॅनोकण’ असे मी लिहिणार नाही, कारण कल्हई कथलाचीच असते. वर्गात समजावून सांगताना मात्र ही उपमा अवश्य वापरावी.

मी ‘वेष्टित’ निवडेन, आणि त्याआधी थराच्या द्रव्याचे नाव जोडेन : डेक्स्ट्रान-वेष्टित, सिलिका-वेष्टित. वेष्टणे म्हणजे भोवती गुंडाळणे, आणि डेक्स्ट्रानच्या लांब साखळ्या कणाभोवती तशाच वेढलेल्या असतात. ‘कवच’ टणक थरासाठी, म्हणजे सिलिकासाठी, राखून ठेवावे. आतल्या भागाला ‘गाभा’च म्हणावे. इंग्रजीत त्याला ‘कोअर’ म्हणतात, पण कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत ‘कोअर’ म्हणजे ओतकामानंतर फोडून काढायचा वाळूचा भाग, त्यामुळे तो शब्द तसाच घेतला तर आपल्याकडच्या वाचकाला उलटाच बोध होईल.

द्रव्याचे नाव जोडण्याचा आग्रह यासाठी की कण कुठे जाणार आणि काय करणार हे आकाराइतकेच थरावर ठरते. अमेरिकेत 1996 साली यकृताच्या एमआरआयसाठी मान्यता मिळालेले कण डेक्स्ट्रान-वेष्टित होते. निरोगी यकृतातील भक्षक पेशी ते गिळत आणि तो भाग चित्रात काळवंडे. गाठीत अशा पेशी नसल्याने ती उजळ राहून नजरेत भरे. 2009 साली तेथेच मूत्रपिंडाच्या जुनाट विकारातील रक्तक्षयासाठी जे लोहाचे इंजेक्शन मंजूर झाले, त्यातील कणांचे वेष्टनही शर्करावर्गीयच आहे, पण रासायनिक बदल केलेले, आणि त्यातून लोह शरीराला सावकाश मिळते. युरोपात 2010 साली मेंदूतील गाठीवरील उपचारासाठी मान्य झालेले कण अमिनोसिलेन-वेष्टित आहेत. ते गाठीत टोचतात, बाहेरून प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा सतत उलटसुलट बदलणारे, चुंबकीय क्षेत्र देतात आणि कण तापून गाठीतील पेशींना इजा करतात. नुसते ‘लेपित’ म्हटले की हे तीनही एकाच पंक्तीत बसतात.

‘चुंबकीय’ बदलू नये. ‘चुंबककण’ लिहिण्याचा मोह होईल, पण लोहचुंबक आपले चुंबकत्व टिकवून धरतो, तर इतक्या लहान आकाराचे हे कण क्षेत्र असेपर्यंतच चुंबकासारखे वागतात आणि क्षेत्र काढताच ते चुंबकत्व मावळते. तसे नसते तर ते रक्तात एकमेकांना ओढत राहिले असते. ‘नॅनो’साठी ‘अब्जांश’ चालेल, मात्र ‘अब्जांश कण’ म्हणजे कणाचा अब्जावा भाग असा समज होऊ शकतो. ‘नॅनोकण’ अधिक निःसंदिग्ध आहे.

मुलाच्या सारांशातील वाक्य मी असे लिहीन : ‘औषधोपचारात उपयोगी पडणारे डेक्स्ट्रान-वेष्टित चुंबकीय नॅनोकण’. रुग्णांसाठी पत्रक असेल तर : ‘लोहाचे अतिसूक्ष्म कण, ज्यांच्याभोवती शर्करावर्गीय पदार्थाचे आवरण आहे’.