पायाचं रक्त आणि ऑपरेशनची घाई

वय ६१. थोडं चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की दोन मिनिटांत मोकळी. डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाहाच्या सोनोग्राफीत) मांडीची धमनी बंद दिसते. बायपास करून घेऊ का? (बार्शी)

बायपास म्हणजे बंद धमनीला वळसा घालून रक्ताला नवी वाट जोडणं. ते आत्ताच नको. थांबल्यावर दुखणं जातंय, पायाला जखम नाही, म्हणजे पाय धोक्यात नाही. तंबाखू सोडा, रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करा आणि चाला. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, असं अर्धा-पाऊण तास. तीन महिन्यांत बहुतेकांचं अंतर वाढतं. बंद धमनी त्याने उघडत नाही, पण स्नायू आहे त्या रक्तात भागवायला शिकतात.

वडिलांना मधुमेह आहे. अंगठा काळा पडलाय. रात्री पाय पलंगाखाली सोडला तरच झोप लागते. अंगठा काढा म्हणतात. (लातूर)

इथे मात्र एक आठवडाही घालवू नका. पू किंवा ताप असेल तर आधी, त्याच दिवशी पू काढावा लागतो. नसेल तर आधी रक्त, मग कात्री. रक्त न पोचलेल्या पायाचा अंगठा कापला की जखम भरत नाही, आणि कापणं वर वर सरकत जातं.

घोट्याचा बीपी भागिले दंडाचा बीपी हा आकडा ०.९ च्या खाली गेला की रक्त कमी, हे खरं. पण मधुमेहात धमन्या कडक होतात आणि आकडा खोटा चांगला येतो. त्यावर विसंबू नका, अँजिओग्राफी करा. छोटा अडथळा फुग्याने उघडतो. लांबलचक असेल आणि पायाची स्वतःची शीर चांगली असेल, तर माझा कल बायपासकडे. शिरेतल्या झडपा रक्त हृदयाकडेच जाऊ देतात, म्हणून ती उलटी करून जोडतात. ही शीर पूर्वी हृदयाच्या बायपाससाठी काढली असेल, तर सर्जनला आधीच सांगा.

वय ३४, बिडी ओढतो. बोटांना जखमा आहेत, ‘बर्गर’ सांगितलंय. ऑपरेशनने बरं होईल? (मालेगाव)

बिडी चालू असेपर्यंत नाही. या आजारात खालच्या बारीक धमन्या बंद होतात, बायपास जोडायला जागाच उरत नाही. दिवसाला एक बिडीही चालणार नाही, गुटखा-मिश्रीही नाही. पूर्ण सोडणाऱ्यांचे पाय बहुधा वाचतात.

आईचे पाय गार पडतात. गरम पाण्याची पिशवी द्यावी का? (पणजी)

नको. रक्त कमी असलेली कातडी पटकन भाजते, मधुमेह असेल तर कळतही नाही. लोकरीचे मोजे घाला. पण एकच पाय अचानक गार, पांढरा पडून दुखू लागला, तर मोजे शोधत बसू नका. धमनीत गुठळी अडकलेली असू शकते, लगेच रुग्णालय गाठा. साधारण सहा तासांत ती निघायला हवी.