कारखान्याकडे नेमके काय मागायचे? वाचकांचे प्रश्न

शाळा आणि उद्योग यांनी एकत्र कसे यावे, याविषयी आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. काही पत्रे लांबलचक होती. मुद्दा तेवढा ठेवला आहे.

आमचे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले अनुदानित हायस्कूल. होंडा आणि पिसुर्ले औद्योगिक वसाहतींतल्या चौदा कंपन्यांना 'विज्ञान प्रयोगशाळेसाठी मदत करावी' असे पत्र धाडले. एकीचेही उत्तर नाही. चुकते कुठे? (एक मुख्याध्यापिका, वाळपई)

दोन ठिकाणी चुकते. पहिले, चौदांपैकी किती जणींवर सीएसआरचे (नफ्यातला ठरावीक भाग समाजकामावर खर्चण्याचे) बंधन आहे ते पाहिलेले दिसत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मागच्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांतला एक तरी आकडा गाठला असेल तरच ते लागू होते. वसाहतीतली बहुतेक वर्कशॉप या रेषेच्या खूप खाली असतात. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यांच्याकडे पैसे मागू नका. माणूस, वेळ आणि माल मागा. ते कसे, हे पुढे मडकईच्या पत्राच्या उत्तरात आहे.

ज्या कंपनीला बंधन आहे तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्चावी लागते. पण तो निर्णय होंड्याच्या गेटवर होत नाही, मुख्य कचेरीत होतो. इथला प्लांट हेड फक्त शिफारस करू शकतो. म्हणून पत्र त्याला हातात द्या आणि ते त्याला जसेच्या तसे वर पाठवता येईल असे लिहा. कंपनीचे सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प तिच्या वेबसाइटवर असावेच लागतात. ते आधी वाचा. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असे कायदाच म्हणतो, तेव्हा शाळा गेटपासून किती किलोमीटरवर आहे ते पहिल्या परिच्छेदात येऊ द्या. कामगारांची मुले तुमच्याकडे शिकतात हेही लिहा, पण प्रकल्प फक्त त्यांच्यासाठी आहे असा सूर लागू देऊ नका. केवळ कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत आणि तेवढ्यावरून फाइल परत येते.

दुसरी चूक मजकुरातली. 'प्रयोगशाळेसाठी मदत' ही मागणीच नव्हे. असे लिहा: 'नववी-दहावीच्या ३६ मुलांच्या तुकडीला १२ संच हवेत, म्हणजे तिघांत एक. प्रत्येक संचात १० आणि २० सेंमी नाभीय अंतराची बहिर्गोल भिंगे, भिंगाचे स्टँड, काचेची लादी, एक अ‍ॅमीटर, एक व्होल्टमीटर.' सोबत जीएसटीसकट तीन दरपत्रके, वस्तू कोणत्या कपाटात राहतील, किल्ली कोणाकडे असेल आणि वर्षभरात किती तासिका होतील. सगळे मिळून एक पान.

वेळेचे गणितही आहे. कंपनीचे वर्ष एप्रिलला सुरू होते आणि त्या वर्षाचा आराखडा संचालक मंडळापुढे जातो. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर पुढच्या वर्षाच्या यादीत नाव लागते. कधी चालू वर्षाची रक्कम खर्चायची राहिलेली असते, तेव्हा दरपत्रके तयार असलेल्या शाळेचे काम पंधरवड्यात होऊन जाते. चवथीच्या तोंडावर दिलेले पत्र मात्र हमखास फायलीत झोपते.

कंपनी तयार आहे, पण 'सीएसआर-१ नंबर द्या' म्हणते. आमच्या पालक-शिक्षक संघाकडे तो नाही. (पालक, डिचोली)

सीएसआर-१ हा सीएसआरची रक्कम घेणाऱ्या संस्थेने भरायचा नोंदणीचा फॉर्म, आणि त्यावरून मिळतो तो हा नंबर. पालक-शिक्षक संघाची सहसा स्वतंत्र नोंदणीच नसते, त्यामुळे त्याला तो मिळणार नाही. तुमची शाळा चालवणाऱ्या सोसायटीला मिळू शकेल. सोसायटी नोंदणीकृत हवी, आयकराची १२ए (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी हवी, आणि अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. फॉर्म कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरतात. त्यावर सोसायटीच्या पदाधिकाऱ्याची डिजिटल सही आणि व्यवसाय करणाऱ्या सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटचे प्रमाणपत्र लागते. अडते ते बहुधा ८०जीपाशी: नोंदणी जुनी, नूतनीकरण राहून गेलेले. पहिल्यांदा तेच तपासा.

तोवर थांबायचे नसेल तर कंपनी स्वतःही प्रकल्प करू शकते. पुरवठादाराचे बिल थेट तीच भागवते. पण टिकाऊ वस्तू कोणाच्या मालकीची राहणार हा प्रश्न सुटत नाही. सरकारी शाळेत मालकी शासनाची, म्हणून शिक्षण खात्याची लेखी संमती आधी घ्या. अनुदानित शाळेत ती सोसायटीची, आणि तिथे सीएसआर नंबर विचारला जातोच.

पैसे मिळाल्यावर कंपनी विनियोग प्रमाणपत्राच्या मागे लागते, त्याचा राग मानू नका. रक्कम ठरल्या कामावरच गेली हे तिच्या वित्त प्रमुखाला लेखी द्यावे लागते. बिल, साठा नोंदवहीतले पान आणि वस्तूवरच्या सीरियल नंबराचा फोटो त्याच आठवड्यात पाठवला तर दुसऱ्या वर्षी मागायला तोंड राहते.

आठवीच्या मुलांना कुंडईतला कारखाना दाखवायचा आहे. दोन औषध कंपन्यांनी नाही म्हटले. (शिक्षक, फोंडा तालुका)

औषधाच्या कारखान्यात उत्पादन विभागात बाहेरचा माणूस जितका कमी तितके बरे, त्यामुळे नकार येणारच. तुम्ही 'कारखाना दाखवा' म्हटलेत. त्याऐवजी 'पाणी शुद्धीकरण, बॉयलर आणि चिलर विभाग, देखभाल वर्कशॉप आणि पॅकिंग काचेतून' असे मागा. मुलांना गोळी बनताना दिसली नाही तरी चालेल. एका गोळीमागे किती पाणी, वाफ आणि थंड हवा लागते हे तिथे दिसते, आणि पुढे आयटीआयला जाणाऱ्या मुलांना काम मिळते ते याच विभागांत.

एका गटात १५ मुले, सोबत एक शिक्षक आणि कंपनीचा एक माणूस. चाळीस मुलांचा घोळका केला की मागच्या पंचवीस जणांना यंत्राच्या आवाजापुढे काही ऐकू येत नाही आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. तीन गट पाडा: एक आत, एक प्रश्नावली भरत, एक कँटीनमध्ये. प्रत्येक फेरी ४० मिनिटांची, आणि शिफ्ट बदलण्याची वेळ टाळून. बालरथ, म्हणजे शाळेची बस, वापरणार असाल तर सकाळची फेरी आटोपल्यापासून दुपारी मुलांना घरी सोडायच्या फेरीपर्यंतच तो मोकळा असतो. त्यात सगळे बसवा.

पायांत बंद बूट हवेत. पावसाळ्यात निम्मी मुले सँडल घालून येतात आणि गेटवरच थांबवली जातात, म्हणून आदल्या दिवशी वर्गात पाय पाहून घ्या. केस बांधलेले, बांगड्या-साखळ्या घरी, मोबाइल शिक्षकाकडे. पालकांचे संमतिपत्र, दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांची यादी. मूल कंपनीच्या माणसाबरोबर एकटे कुठेही जाणार नाही, अगदी शौचालयापर्यंतसुद्धा. हा नियम कंपनीलाही आधीच सांगा, त्यांना त्याने उलट बरे वाटते.

औषध कंपनीच हवी असा हट्ट नसेल तर बेकरी, छापखाना, फॅब्रिकेशनचे शेड किंवा काजूचा कारखाना घ्या. काजूकडे मात्र कच्च्या बियांना हात लावू देऊ नका. कवचातल्या तेलाने कातडीवर फोड येतात आणि ते घरी गेल्यावर दिसतात.

नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सांगितले आहेत. ही भेट त्यांत धरली तर वेळापत्रकाची तक्रार उरत नाही.

माझे मडकईत टर्निंग-मिलिंगचे युनिट आहे, कंत्राटी धरून ३५ माणसे. जवळच्या शाळेतली व्यावसायिक विषयाची मुले घ्यायची इच्छा आहे. कायद्यात बसते का? (लघुउद्योजक)

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. शाळेतला विद्यार्थी निरीक्षणाला आणि सरावाला येतो. त्याला ऑर्डरच्या मालावर, उत्पादनाच्या मशीनवर उभे करायचे नाही. बालकामगार कायदा १४ वर्षांखाली कामाला मनाई करतो आणि १४ ते १८ वयात धोक्याच्या कामाला.

अप्रेंटिस ही वेगळी बाब. ३० किंवा अधिक माणसे (कंत्राटीसह) असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे, एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के. तुमच्या ३५ वर हिशेब एक ते पाच जणांचा होतो. किमान वय १४, धोक्याच्या कामाला १८. करार अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नोंदवावा लागतो, तोंडी चालत नाही. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत किमान विद्यावेतनाच्या २५ टक्के, महिना जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्राकडून थेट उमेदवाराच्या खात्यात जातात. फर्मागुढीची आयटीआय तुमच्या हाताशी आहे. तिथल्या प्रशिक्षण अधिकाऱ्याला भेटलात तर फिटर-टर्नरची मुले शोधत हिंडावे लागणार नाही.

शाळेला मात्र याहून स्वस्त आणि जास्त कामाची वस्तू तुमच्या भंगाराच्या पेटीत आहे. नापास झालेले २० जॉब (मशीनवर घडवलेले भाग) काढा, बर (कडेला राहिलेली धातूची कुसळे) घासून धार मोडा, तेल पुसा. सोबत ड्रॉइंगची प्रत आणि दोन व्हर्निअर द्या. समजा माप २५.०० ± ०.०५ मिमी आहे. मुलांनी प्रत्येक जॉब तीन जागी मोजायचा, २४.९५ ते २५.०५ मध्ये बसतो का ते लिहायचे आणि बसत नसेल तर का, हे ओळखायचे. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघाला तर तो टेपर आहे: टेलस्टॉक (लेथवर जॉबचे दुसरे टोक धरणारा भाग) सरकलेला, नाहीतर जॉबला आधार अपुरा. ०.०२ मिमी लघुतम मापाच्या व्हर्निअरने काठावरचे जॉब नक्की ठरत नाहीत. तिथे वाद होतो, आणि मग मायक्रोमीटर कशासाठी असतो ते कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तुमचा तपासनीस पंधरवड्यातून एक तास शाळेत जाऊन या वादात बसला तर रोख देणगीपेक्षा ते मोठे. फक्त आधी गिऱ्हाइकाला विचारा. काहींची ड्रॉइंग गुप्त असतात. तशी असतील तर नाव आणि भाग क्रमांक झाकून नवे साधे ड्रॉइंग काढा.

देणगीदार कंपनीला शाळेच्या गणवेशावर आपले चिन्ह हवे आहे. (व्यवस्थापक, केपे)

नको. विपणनाच्या फायद्यासाठी केलेले प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही, तेव्हा ते त्यांच्याही अंगलट येईल. खोलीच्या दारावर छोटी पाटी पुरे.

एक कंपनी वीस जुने संगणक देते आहे. घ्यावेत? (मुख्याध्यापक, काणकोण)

आधी यादी मागा: प्रोसेसरची पिढी, रॅम, डिस्क. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशी यंत्रे लिनक्स टाकून शाळेला पुरतात, पण ते टाकून देणारा आणि वर्षातून दोनदा येणारा माणूस कंपनीनेच द्यावा, असे पत्रात लिहून घ्या. 'डिस्क पुसून दिल्या' हेही लेखी घ्या.

मग वीज. वीस यंत्रे आणि मॉनिटर धरून साधारण ३ किलोवॉट. खोलीची वायरिंग आणि अर्थिंग तपासल्याशिवाय एकही खोके उघडू नका. रोहिणी-मृगाच्या गडगडाटात आणि परतीच्या पावसात प्लगबरोबर नेटवर्कची केबलही काढायची. पॉवर बंद असूनही केबलमधून बोर्ड जळतात. जुलै-ऑगस्टमध्ये खोली बंद ठेवली की बुरशी धरते, म्हणून आठवड्यातून दोनदा तासभर सगळी यंत्रे चालू करा.

जुन्या यंत्रांचा एक ठरलेला आजार म्हणजे बोर्डावरचा बटन सेल संपलेला असणे. यंत्र सुरू होताच तारीख भलतीच दाखवते, मग ब्राउझर सुरक्षित साइट उघडत नाही आणि सगळे इंटरनेटवाल्याला शिव्या घालत बसतात. वीस सीआर२०३२ सेल पहिल्याच दिवशी बदलून टाका. जी यंत्रे सुरूच होणार नाहीत ती कंपनीने परत न्यावीत किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावीत, ही अट यादीच्या खाली सहीसकट घ्या. नाहीतर पाच वर्षांनी त्याच खोलीत पंधरा मॉनिटरांची रास असते आणि साठा नोंदवहीतून ती कमी कशी करायची, हे विचारायला तुम्ही पुन्हा आम्हाला पत्र लिहाल.