फ्रिजचं बिल आधी नीट मोज की
अरे, फ्रिजवर 150 वॅट लिहिलंय म्हणून 24 तासांनी गुणू नकोस, कॉम्प्रेसर सारखा कुठं चालतोय, आत गार झालं की बंद पडतोय की. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट असतात, 200 असले तर महिन्याला साधारण 17 आले, आपल्या एप्रिलात थोडे जास्तच धर. आमच्या वडगावच्या घरात फ्रिज भिंतीला चिकटून, मागच्या जाळीवर धुळीचा थर, आत गरम आमटीचं पातेलं! चार बोटं पुढं ओढला, जाळी ब्रशनं झाडली (प्लग काढून हं), मग कुठं त्याची घरघर मधेमधे थांबायला लागली. दारात दहाची नोट धरून दार लाव, सहज निसटली तर रबर गेलंय. कर्नाटकच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत महिन्याला 200 युनिटच्या वर गेलं की अख्खं बिल भरायचं, म्हणून एवढी कटकट.