उन्हाळ्यासाठी अनोळखी इंडी अल्बम

प्रश्न : उन्हाळ्यात ऐकायला नवे इंडी (मोठ्या कंपन्यांबाहेरचे, स्वतंत्र) अल्बम हवे आहेत. 'समर इंडी' असं शोधलं की अ‍ॅप दरवेळी तीच गाणी पुढे करतं. वेगळं काही सापडावं कसं? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी 'समर' हा शब्द सोडा. त्या नावाच्या प्लेलिस्टमध्ये गाजलेली सुटी गाणी असतात, अल्बम नाही. त्यापेक्षा लेबल, म्हणजे अल्बम काढणारी कंपनी, धरा. छोट्या लेबलची निवड एक-दोन माणसंच करतात, म्हणून एक अल्बम आवडला की त्याच लेबलचे बाकीचेही बरेचदा जमतात. वाइल्ड नथिंगचा 'जेमिनाय' (२०१०) घ्या. त्याचं लेबल ब्रुकलिनचं कॅप्चर्ड ट्रॅक्स. त्याच वर्षी त्याच लेबलवर बीच फॉसिल्सचा पहिला अल्बम आला. दोन्हींत गिटार रिव्हर्बमध्ये (घुमणाऱ्या प्रतिध्वनीत) भिजलेली, गायकाचा आवाज मागे ठेवलेला.

दुसरी वाट बँडकॅम्पची, म्हणजे कलाकार आपले अल्बम थेट विकतात त्या संकेतस्थळाची. संगणकावर अल्बमचं पान उघडलं की कव्हरखाली विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं दिसतात. ज्याने सोबत दोन ओळी लिहिल्यात, त्याच्या चित्रावर टिचकी मारा. त्याचा सगळा संग्रह उघडतो. हजार अल्बमवाला नको, तो दिसेल ते घेतो. तीस-चाळीसवाले तिघं निवडा आणि तिघांकडेही असलेला, तुम्हाला अनोळखी असा अल्बम ऐका. सुरुवात चौथ्या गाण्यापासून करा. पहिल्या गाण्यावर सगळेच मेहनत घेतात. अल्बम पोकळ असेल तर ते मध्येच कळतं.

आता हवामान. पाश्चात्त्य देशांतल्या बऱ्याचशा अल्बममध्ये ऊन म्हणजे सुट्टी आणि चैन. विदर्भातल्या मे महिन्याला ते मानवत नाही. दुपारसाठी पर्थच्या द ट्रिफिड्सचा 'बॉर्न सँडी डिव्होशनल' (१९८६) लावा. रेकॉर्डिंग लंडनचं, पण कव्हरवर पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मँडुराचा विमानातून घेतलेला फोटो आहे, आणि पेडल स्टील या गिटारसारख्या वाद्याचे लांबत जाणारे सूर तसेच सपाट, रखरखीत. पंख्याच्या घरघरीत मात्र त्यातले हळू भाग बुडतात, हेडफोन लावा. दिवेलागणीनंतर गच्चीवर द बॅट्सचा 'डॅडीज हायवे' (१९८७). हे न्यूझीलंडच्या फ्लाइंग नन लेबलचं काम. तिथला उन्हाळा डिसेंबरात असतो, पण त्याने आपलं काही अडत नाही.

प्रश्न : सुट्टीत गावी रेंज नसते आणि फोनही तापतो. अल्बम सोबत न्यायचे कसे? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : बँडकॅम्पवर विकत घेऊन डाउनलोड करा. ३२० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) एमपी३ला मिनिटाला २.४ एमबी लागतात, म्हणजे ४० मिनिटांचा अल्बम ९६ एमबी. फ्लॅकला (दर्जा न घटवणाऱ्या फाइलला) साधारण अडीच-तीन पट जागा धरा. साध्या ब्लूटूथ स्पीकरवर फरक कळणार नाही. पैसे भरताना व्यवहार फसला तर बहुतेक वेळा कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात. ते बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करा. शक्य असेल तर 'बँडकॅम्प फ्रायडे' गाठा. २०२० पासून ठरावीक शुक्रवारी बँडकॅम्प आपला वाटा सोडतं, कलाकाराला जास्त मिळतं.

फोन तापतो तो चार्जिंग, हॉटस्पॉट आणि स्ट्रीमिंग एकदम चालवल्यामुळे. डाउनलोड केलेली गाणी विमान मोडवर ऐका. ब्लूटूथ वेगळं सुरू करता येतं. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. कव्हर काढून सावलीत ठेवलेला बरा.