वाचकांचे प्रश्न : कापूस एकीकडे, गिरणी दुसरीकडे

अमेरिकेतील लोवेल गावाच्या आसपास कापूस पिकत नव्हता. तरी ते वीस वर्षांत गिरण्यांचे शहर कसे झाले?
(एक शिक्षिका, परभणी)

नदीमुळे. मॅसॅच्युसेट्समध्ये मेरिमॅक नदी पॉटकेट धबधब्यापाशी सुमारे 30 फूट खाली उतरते. होड्यांना धबधबा टाळता यावा म्हणून 1796 मध्ये खोदलेला कालवा तिथे आयताच होता. बोस्टनच्या भांडवलदारांनी तो ताब्यात घेऊन रुंद केला आणि 1822 मध्ये मेरिमॅक कंपनी काढली. पुढच्याच वर्षी कापड निघू लागले. 1826 मध्ये त्या वस्तीला गावाचा दर्जा मिळाला, 1836 मध्ये शहराचा. 1840 च्या जनगणनेत लोकसंख्या 20,000 च्या पुढे होती. कापूस यायचा दक्षिणेतून, गुलामांनी राबवलेल्या मळ्यांतून. तो जहाजाने बोस्टनला उतरे, तिथून आधी कालव्याने आणि 1835 पासून रेल्वेने लोवेलला पोचे.

लोवेलचे खरे वेगळेपण पाणी विकण्यात आहे. कालव्यांची कंपनी निराळी होती. ती गिरण्यांना पाणी मोजून देई आणि त्याचे माप ठरलेले असे: 30 फूट उतारावर सेकंदाला 25 घनफूट, म्हणजे साधारण 708 लिटर. या मापाला ‘मिल पॉवर’ म्हणत. एवढ्या पाण्यावर 3,584 चात्या (सूत कातणाऱ्या फिरत्या दांड्या) आणि त्यांचे सूत विणणारे माग चालतात, हा हिशेब याच भांडवलदारांच्या वॉल्थम गावातल्या आधीच्या गिरणीवरून काढला होता. कागदावर ही ताकद 85 अश्वशक्ती भरते. चाकातली घट वजा जाता 60 च्या आसपास हाती लागे.

अडचण दोन्ही टोकांना होती. पाणी आटले की चाक मंदावते हे उघड आहे. पण पूर आला तरी ते मंदावते, कारण खालच्या बाजूचे पाणी वर चढते, उतार कमी होतो आणि चाकाचा तळ पाण्यात बुडून अडखळतो. बुडूनही चालणारे टर्बाइन म्हणूनच 1840 च्या दशकात तिथे आले. जेम्स फ्रान्सिस या तिथल्या अभियंत्याने 1849 मध्ये सुधारलेले टर्बाइन जगभरच्या जलविद्युत केंद्रांत आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते. याच फ्रान्सिसने 1850 मध्ये कालव्यावर प्रचंड लाकडी दरवाजा टांगून ठेवला होता. ‘फ्रान्सिसचा खुळेपणा’ म्हणून लोक हसले. 1852 च्या पुरात तो खाली सोडला आणि शहर वाचले.

मराठवाड्यात कापूस अमाप, मग एकोणिसाव्या शतकात गिरण्या एवढ्या कमी का?
(एक वाचक, नांदेड)

गिरणीच्या जागेचा निर्णय कच्च्या मालावर कमी आणि ताकदीवर जास्त ठरतो. आपल्या नद्या पावसाळ्यात दुथडी आणि उन्हाळ्यात डोहांपुरत्या. त्यांच्यावर बारमाही चाक फिरत नाही. म्हणजे वाफेचे इंजिन हवे, त्याला कोळसा हवा, आणि कोळशासाठी रेल्वे हवी. औरंगाबादची सूत व कापड गिरणी 1889 मध्ये उभी राहिली, पण हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाली 1900 मध्ये. मधली अकरा वर्षे जड सामान बैलगाडीवर अवलंबून. अशा स्थितीत सुमारे 700 माणसांना काम देणारी गिरणी चालली, हेच विशेष. तुमच्या नांदेडची उस्मानशाही मिल त्यानंतरची, विसाव्या शतकातली.

रेल्वेनंतर इथे वाढले ते जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातली सरकी काढणे आणि रुई दाबून गाठी बांधणे. एकट्या जालन्यात जिनिंगचे 9 कारखाने आणि 5 प्रेस झाले. याचे कारण साधे वजनाचे आहे. 100 किलो कापसातून रुई निघते 33 ते 35 किलो, बाकी बहुतेक सरकी. ती दूरवर वाहून नेण्यात अर्थ नाही. शिवाय सुटी रुई जागा फार खाते. दाबून गाठ बांधली की वाघिणीत कितीतरी जास्त माल बसतो. म्हणून सरकी काढणे आणि गाठ बांधणे शेताजवळ राहिले, कताई मात्र मुंबईला गेली.

लोवेलमध्ये कंपनी कामगारांना घरे देत असे ती दयेपोटी का?
(एक विद्यार्थी, लातूर)

नाही. लोवेलमध्ये कामाला आलेल्या बहुतेक जणी खेड्यांतल्या अविवाहित मुली होत्या; राहण्याची सोय आणि चोख देखरेख दिसल्याशिवाय घरचे त्यांना पाठवत नसत. कंपनीची ही घरे म्हणजे खाणावळीच; त्यांचे पैसे पगारातून वळते होत, रात्री दहाला दार बंद होई. आठवड्याला काम सरासरी 73 तास. ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर नाव काळ्या यादीत जाई आणि शेजारची गिरणीही घेत नसे. 1834 मध्ये मजुरी कापली आणि 1836 मध्ये खाणावळीचे दर वाढवले, दोन्ही वेळा मुलींनी संप केला. घर मालकाचे असले की संप करणाऱ्याचा निवाराही त्याच्याच हाती राहतो, हे त्यात लक्षात घ्यावे.

जुन्या गिरण्यांत विणकर खात्याच्या खिडक्या बंद ठेवून आत वाफ का सोडत?
(एक निवृत्त फिटर, छत्रपती संभाजीनगर)

कोरडे सूत ठिसूळ होते आणि घर्षणाने त्यात वीज साठते. मग तंतू पिंजारतात, रुळांना गुंडाळतात आणि ताण्याचे (मागावर लांबीत ताणलेले) धागे पटापट तुटतात. ताण्याला मजबुतीसाठी लावलेली खळही सुकून पापडीसारखी झडते. कताईला 55 ते 60 टक्के आर्द्रता पुरते, विणकामाला 75 ते 85 लागते. आपल्याकडचा एप्रिल त्याच्या कुठेच जवळ नसतो. त्यामुळे खिडकी उघडली की माग थांबला.

किंमत कामगाराच्या छातीने मोजली. बंद हवेत रुईची धूळ अडकून राहते. सुटीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळून येणे ही बिसिनोसिस या रोगाची ठरलेली खूण आहे. आर्द्रता वाढवली तरी ही धूळ जात नाही. तिच्यासाठी कार्डिंगपासूनच (कताईआधी रुई पिंजून विंचरण्यापासून) वेगळे शोषक पंखे लागतात.

तपासणी सोपी आहे. दोन तापमापक शेजारी टांगा, एकाच्या फुग्याला ओले कापड गुंडाळा आणि त्यावर वारा लागू द्या. कोरडा 30 अंश आणि ओला 27 दाखवत असेल तर आर्द्रता 78-79 टक्के, विणकामाला ठीक. ओला 24 वर असेल तर 60 च्या आसपास. कताईचा साचा चालेल, माग कुरकुरेल. कापड सुकले असेल तर दोन्ही आकडे सारखेच दिसू लागतात आणि हवा दमट आहे असा गैरसमज होतो, म्हणून वाचण्याआधी ते ओले आहे ना, ते पाहा.